त्या दिवशीची साडी

४ ऑक्टोबर

सहामाही प्रगती अहवाल दिला. गाईड सरांनी न वाचता सही केली आणि म्हणाले, "छान चाललंय, राऊत मॅडम." काय छान चाललंय हे विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. सर मूळ वाणिज्यचे. वाणिज्य आणि विधी एकाच फॅकल्टीत आल्यापासून कायद्याच्या पोरींनाही तक्ते आणि टक्केवारी लागते.

संशोधन केंद्रात नवा क्लार्क आलाय. त्याने विषय विचारला. म्हटलं, हक्कसोडपत्र. बापाच्या शेतातला आपला वाटा बहिणी भावाला लिहून देतात. त्या का देतात, ते शोधतेय. तो म्हणाला, "देतेच न बापा, त्याच्यात शोधाचं काय?"

सहा वर्षं. आणि हा एका वाक्यात मोकळा.

माझ्याबरोबर राहणारी रेश्मा डिग्री घेऊन पुण्याला गेल्यापासून भाड्याच्या खोलीत मी एकटीच. तिच्या खुर्चीवर जुन्या अहवालांचे गठ्ठे बसतात. दुपारी डबा उघडताना अजूनही सवयीने दोन झाकणं मांडते.

९ ऑक्टोबर

तळेगावला जाऊन आले. आर्वीला बस बदलली, दीड तास उभी. चौथी मुलाखत, म्हणजे त-४. (नावं लिहायची नाहीत, इथेसुद्धा नाही. सवय राहिलेली बरी.)

साठीच्या पुढची बाई. सासरचा संत्र्याचा बगीचा, मुलं हाताशी, सगळं बरं आहे. माहेरचा वाटा भावाला लिहून दिला त्याला बरीच वर्षं झाली. प्रश्न चौदावा: सही स्वखुशीने केली की दबावाने? दोन चौकटी. तिला हसू आलं.

"तू लिही काहीबी. माहा भाऊ येते माह्या घरी, थे लिही."

त्याला चौकट नाही. मी पेन धरून बसले. मग तीच म्हणाली, "तू बसून राह्यली न, ज्याच्यावर, थेच थे लुगडं."

खाली वाकळ होती. हिरवी, मऊ झालेली, मध्ये जरीचा एक तुकडा. सही झाल्यावर भावाने तहसीलसमोरच्या दुकानातून घेतलेली साडी. तिथेच नेसवली, मग हॉटेलात जेवायला नेलं. पाच-सात वर्षं नेसली. फाटली तेव्हा तिची वाकळ शिवली.

"टाकाले जीव नाई झाला," म्हणाली. निघताना ओटीत चार संत्री.

परतताना बसमध्ये सुचलं. प्रत्येक मुलाखतीत कुठे ना कुठे ती साडी आली होती आणि मी दर वेळी पान उलटून पुढच्या प्रश्नावर गेले होते. प्रश्नावलीत नव्हती ना.

१३ ऑक्टोबर

जुन्या मुलाखतींतल्या बायकांना फोन. एकच प्रश्न, त्या दिवशीची साडी आता कुठे आहे?

एकीने लगेच मोलकरणीला देऊन टाकली. एकीने मुलीच्या लग्नात नेसली, फोटो पाठवते म्हणाली आणि खरंच पाठवला. एक रडली, मग फोन ठेवला, मग पुन्हा तिनेच केला आणि साडीचा रंग सांगितला. "मोरपंखी होती बाई," एवढंच.

चौदाव्या प्रश्नाला सगळ्या सारखंच उत्तर देतात. या प्रश्नाला एकीचंही दुसरीसारखं नाही.

सरांना सांगितलं. ते म्हणाले, "इंटरेस्टिंग आहे. पण हे तक्त्यात कसं बसवणार? कायस्क्वेअर टेस्ट कशावर लावणार, साडीवर?"

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

बाबांचं वर्ष झालेलं नाही, म्हणून यंदा आमच्याकडे दिवाळी नाही. गावी गेले नाही. खालच्या घरमालकीण काकूंनी ताटात चकल्या, अनारसे, करंज्या पाठवल्या. त्यांचा भाऊ यवतमाळहून आला होता. त्याचं हसणं जिन्यातून वर येत होतं. दार लावून घेतलं.

संध्याकाळी गजूचा फोन. गजू म्हणजे गजानन, माझा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सातवीत होता, मी बारावीत. त्याच्या शाळेचा डबा मी भरायचे. आता गावचं शेत तोच पाहतो, बायको सविताबरोबर. आमचे फोन असे:

"कापूस?"
"वेचून राह्यले."
"सविता, पोरं?"
"बरे आहेत."
"बाकी?"
"बाकी काई नाई."

मग ठेवतो.

ते "बाकी" काय आहे, ते दोघांनाही ठाऊक आहे. शेत अजून बाबांच्या नावावर आहे. वारस दोघंच, तो आणि मी. एक दिवस गजू म्हणणार, ताई, सही देतेस का. बाबा गेल्यापासून मी या एका वाक्याची वाट पाहतेय. मागितली तर काय उत्तर द्यायचं, माहीत नाही. नाही म्हटलं तर माहेर राहील का? हो म्हटलं तर प्रबंधात जे लिहिलंय ते कोणत्या तोंडाने वाचून दाखवू?

मला नवरा नाही, मूल नाही, कायम नोकरी नाही. कॉलेजात तासिकेवर शिकवते. गाव सोडलं तर मला जायला दुसरी जागा नाही. हे आज लिहून ठेवते, म्हणजे उद्या मोठ्या मोठ्या गोष्टी लिहिताना लक्षात राहील.

६ नोव्हेंबर

नाचणगाव. न-२. पुलगाव स्टेशनवर उतरून ऑटो. व्यापारी घर, माहेरचं कापडाचं दुकान. म्हणजे साडी दुकानातलीच.

तिने लोखंडी कपाट उघडून दाखवली. कागदात गुंडाळलेली, डांबरगोळ्यांचा वास, आत दुकानाचा चिटोरा तसाच.

"घडी नाई मोडली अजून."

"काऊन?" 'का' म्हणायचं तर माझ्याही तोंडून तेच आलं, गावातल्यासारखं.

"नेसली का मंग देल्लं असं झालं न."

कायद्याने तिने सोळा वर्षांपूर्वीच दिलंय. नोंदणी झाली, नाव कमी झालं. पण हिच्या हिशेबाने अजून दिलेलं नाही. मी काय लिहायचं? चहा प्यायले. तिने विचारलं, "तुमचं माहेर कुठलं?" मी म्हटलं समुद्रपूरकडे. "भाऊ आहे?" आहे. "मंग तुमचं झालं का?"

म्हटलं, नाही अजून.

"होईन," ती म्हणाली, अगदी धीर दिल्यासारखं.

१९ नोव्हेंबर

ताप. डबा नको म्हणून निरोप दिला. तास बुडाले, म्हणजे तेवढे पैसेही गेले. दिवसभरात कुणाशी एक शब्द बोलले नाही. संध्याकाळी चौथं प्रकरण मोठ्याने वाचून पाहिलं, आवाज फुटतो का बघायला. फुटला. भाषा फार कोरडी वाटली.

गजूला फोन करावासा वाटला. केला नाही. त्याला वाटेल, ताईने जमिनीचं काढायला फोन केला.

१४ डिसेंबर

गावी. बाबांचं वर्षश्राद्ध.

माणसं जेवायला बसली. मोठे काका पंगतीतच म्हणाले, "आता वर्ष झालं. नावं चढवून घ्या. ताई तं कायदा शिकली, तिले काय सांगा लागते? भावाले तकलीफ नाई देनार थे."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी वांग्याच्या भाजीकडे पाहत राहिले. गजू वाढत होता. त्याचा हात थांबला, मग काकांच्या पानात त्याने न विचारता भात वाढला, चांगला डोंगर. काका म्हणाले, "बस बस." तो वाढतच राहिला.

त्याने माझी बाजू घेतली की विषय टाळला? मला कळलं नाही. दुपारभर याच विचारात होते.

१५ डिसेंबर

सकाळी सविता, माझी भावजय, बसथांब्यापर्यंत सोडायला आली. वाटेत विचारलं, "ताई, थे सेमिनार सेमिनार म्हनता, थे काय रायते?"

म्हटलं, प्रबंध द्यायच्या आधी सगळ्यांपुढे उभं राहून सांगायचं, काय केलं ते. मग ते प्रश्न विचारतात.

"मंग काय नेसान?"

"आहे एक कॉटनची."

तिने माझ्या अंगावरच्या साडीकडे पाहिलं. पाच वर्षांपूर्वीची. बस आली तेव्हा डब्यात कढी-गोळे आणि भाकरी बांधून दिली आणि खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "येत जा ना तुमी. नुसतं कामाले येता."

बस जाम गावाच्या चौरस्त्यावर पोचेपर्यंत रडले. शेजारच्या बाईने खिडकी उघडून दिली.

५ जानेवारी

सेमिनारची तारीख लागली, १० फेब्रुवारी. सरांनी सहावं प्रकरण परत दिलं. साडीची अकरा पानं लाल पेनाने आडवी छाटली आहेत. वर लिहिलंय, "परिशिष्टात टाका."

"सर, तोच तर माझा शोध आहे."

"मॅडम, शोध आहे, पण पुरावा नाही. कमिटीत वाणिज्यचे तिघं आहेत. साड्यांवर चर्चा सुरू झाली तर तुमची चेष्टा होईल. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

सर वाईट नाहीत. निवृत्तीला आलेत, भांडण नकोय. मलाही नकोय. टाकते परिशिष्टात.

१८ जानेवारी, रविवार

आज जे झालं ते नीट लिहायचं आहे.

दुपारी गजू आला. न कळवता. वर्ध्याला काही काम होतं म्हणाला. तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी, आणि दुसरी एक कापडी पिशवी. मला इतका आनंद झाला की चहाऐवजी आधी ताटच मांडायला निघाले. तो गठ्ठे बाजूला करून रेश्माच्या खुर्चीवर बसला, खोलीभर पाहत. त्या खुर्चीवर बऱ्याच महिन्यांनी कुणी बसलं होतं.

मग त्याने कापडी पिशवी पुढे केली. "हे ठेव. सवितानं देल्लं."

वरून काठ दिसत होता. नवी कोरी साडी. पिवळी, जांभळे काठ.

सण नाही, भाऊबीज नाही, लग्नकार्य नाही. महिन्यापूर्वी काका पंगतीत बोलले. आणि आता भाऊ साडी घेऊन दारात. मी हे सहा वर्षं बघतेय.

म्हटलं, "कुठे यायचं सही करायला, तेवढं सांग. आणि साडी नंतर देतात, गजू. आधी नाही."

"कोनती सही?"

"मला नको शिकवू. हेच करतेय मी इतकी वर्षं."

तो उभा राहिला. चेहरा बाबांसारखा झाला होता, बाबा रागावले की व्हायचा तसा.

"मी मांगतली का तुले सही? कधी मांगतली?"

"तेच तर! का मागत नाहीस? एक वर्ष झालं, मी वाट पाहतेय तू कधी मागतोस."

तो दाराकडे वळला. मग म्हणाला, "तू शिकून राह्यली थे चांगलं आहे ताई. पन माह्यावर नको शिकू."

आणि गेला. चहा उतू गेला. मी गॅस बंद केला तेव्हा पातेलं करपलं होतं. साडीची पिशवी मी त्याच्या हातात कोंबली होती. थोड्या वेळाने काकू वर आल्या. "भाऊ जिन्यात ठेवून गेला हे. भांडलात का?"

नाही म्हटलं.

शेंगा तशाच पडल्यात.

२१ जानेवारी

पिशवी कपाटावर ठेवली. उघडली नाही. आता मीसुद्धा न-२ झाले.

बरोबरच बोलले, असं दिवसातून दहा वेळा वाटतं. मग त्याचं ते वाक्य आठवतं.

२९ जानेवारी

वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल आला. साम्य अगदी कमी. मशीनच्या मते माझं कुणाशीच फारसं जुळत नाही. पास.

गजूचा फोन नाही. मीही केला नाही. तुरीच्या शेंगा काकूंना दिल्या, त्यांनी आमटी करून वाटीभर वर पाठवली.

९ फेब्रुवारी

उद्या सेमिनार. दुपारी स्लाइड तपासत बसले होते, सविताचा फोन.

"ताई, कशी दिसते? नेसून पाह्यली का?"

"काय?"

"अव पिशवीतली. पिवळी. माह्या मावशीनं देल्लती मले. मी म्हनलं, याची घडी ताईनंच मोडावं, सेमिनारले. तुमच्या अंगाले लागून आली का मंग मी नेसतो. यांनी सांगतलं नाई का तुमाले?"

आमच्याकडे असं करतात. नवी साडी आपण आधी नेसायची नाही, जिच्यावर जीव आहे तिला घडी मोडायला द्यायची. आई तिच्या नव्या साड्या मावशीकडे पाठवायची. सविताने आजवर कधी मला अशी साडी दिली नव्हती. दिली ती आता. आणि मला काय सुचलं?

साडी मला दिलीच नव्हती. दोन तासांसाठी दिली होती. नेसून परत द्यायची होती. मी त्या साडीला जमिनीची किंमत म्हणाले.

"सांगतलं नाई का?" ती पुन्हा म्हणाली.

"सांगितलं," मी म्हटलं. "सांगितलं होतं, मीच विसरले."

म्हणजे गजूने घरी काहीच सांगितलं नाही. मी काय बोलले ते तीन आठवडे त्याने एकट्यानेच गिळलं, बायकोलासुद्धा कळू दिलं नाही. फोन ठेवून मी जमिनीवर बसले आणि रडले. लाजेने. एवढी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती.

मग पिशवी उघडली.

१० फेब्रुवारी

घडी मोडली. पिवळा रंग मला शोभतो, हे माहीत नव्हतं. काकूंनी निऱ्या धरून दिल्या, फोटो काढला, सविताला पाठवला.

सेमिनारला मोजकीच माणसं. सर, कमिटी, दोन नव्या पोरी आणि तो क्लार्क, तो पंखा लावायला आला आणि मागे थांबला. माझ्या घरचं कुणी नाही. इतरांचे येतात, पेढे आणतात.

बोलले. तक्ते दाखवले. शेवटी परिशिष्टात टाकलेल्या साड्यांबद्दलही बोलले, सरांकडे न बघता. एकाने विचारलं, "सँपल किती?" सांगितलं. दुसऱ्याने विचारलं, "यातून निष्कर्ष काय?" म्हटलं, कागदावर हक्क एका दिवशी सुटतो, बाईच्या घरात तो बरीच वर्षं सुटत राहतो, कधी सुटतच नाही. कायदा फक्त पहिली तारीख बघतो. ते लिहून घेत होते, निदान पेन तरी हलत होतं.

मग वाणिज्यचे एक ज्येष्ठ, गमतीनेच, म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतः सोडलात का हक्क?"

सगळे हसले. मीही हसले. म्हटलं, "अजून कुणी मागितला नाही, सर."

पुन्हा हसले. सर हसले नाहीत. नंतर जिन्यात म्हणाले, "ती अकरा पानं परत सहाव्या प्रकरणात घ्या." एवढंच, आणि चष्मा पुसत निघून गेले.

किरकोळ सुधारणांसह मान्य. आज मला आनंद व्हायला हवा. झाला पण आहे. सांगायला कुणी नाही म्हणून इथे लिहिते.

गजूला तीन वेळा फोन केला. उचलला नाही.

१२ फेब्रुवारी

उचलला. मी घाईघाईने म्हटलं, "चुकलं माझं. त्या दिवशी मी फार वाईट बोलले."

"असू दे."

"असू दे नाही, गजू. मला समजलं नव्हतं."

"तुले समजत नाई असं काई आहे का?" मग, "झालं का तुवं थे?"

झालं म्हटलं.

"बाबा पायजे होते." आणि लगेच, "बैल सुटला, ठेवतो."

बैल आम्ही बाबांच्याच हयातीत विकले. आता ट्रॅक्टर आहे.

१४ फेब्रुवारी

साडी हाताने धुतली, सावलीत वाळवली, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून कडक इस्त्री करून आणली. पदराला जरा हळद लागली होती, ती निघाली. परत द्यायला जायचंय. कधी जाऊ, कसं जाऊ, तोंड कसं दाखवू, हे ठरत नाही.

१८ फेब्रुवारी

गजूचा फोन. स्वतःहून.

"ताई, सोमवारी येतेस का समुद्रपूरले? तहसीलमध्ये काम आहे. आधार अन् दोन फोटो घेऊन येजो."

"येते."

"बाकी?"

"बाकी काही नाही."

मी विचारलं नाही कसलं काम. एवढं शिकून, विचारलं नाही. तहसीलच्या आवारात दोन्ही खोल्या आहेत. डाव्या हाताला वारसांची नोंद होते, तिथे माझं नाव शेतावर चढतं. उजव्या हाताला रजिस्ट्री, तिथे ते उतरतं. आधार आणि फोटो दोन्हीकडे मागतात.

बायकांना मी विचारायचे, तुम्ही भावाला स्पष्ट विचारलं का नाही? त्या गप्प बसायच्या. मी लिहायचे, उत्तर दिले नाही. आता समजतं. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. न विचारता मला अजून चार दिवस तो भाऊ आणि ते शेत दोन्ही मिळालं.

२३ फेब्रुवारी, सोमवार, समुद्रपूर

तहसीलच्या आवारात लिंबाखालच्या बाकावर. गजू आधारची झेरॉक्स काढायला गेलाय, तेवढ्यात लिहून घेते.

बसस्टँडवर आला होता न्यायला. आधी विचारलं, "जेवली का?" मग माझ्या हातातली पिशवी त्याने ओळखली. म्हटलं, ही सविताची साडी, इस्त्री करून आणलीय.

तो गाडी लावत होता, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सविता म्हने ठेवून घे म्हना ताईले. फोटो पाह्यला तिनं. तुह्यावरच चांगली दिसते म्हने."

सविता अशीच आहे. तिने मनापासूनच म्हटलं असणार. पण दोन तासांसाठी आलेली साडी आता कायमची झाली, आणि झाली ती आज, इथे, या आवारात. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्यात काही सापडलं नाही. सहा वर्षं लोकांचे चेहरे वाचत हिंडले आणि स्वतःच्या भावाचा वाचता येत नाही.

पिशवी मांडीवर आहे. मला ती ठेवायची आहे. मला वाटा हवा आहे. मला गजूही हवा आहे, भाऊबीजेला फोन करणारा, पंगतीत काकांच्या पानात भात लोटणारा. यातलं कुठलंही एक सोडायची माझी तयारी नाही, आणि हे कुठल्याच प्रकरणात मी लिहिलेलं नाही.

डावी खोली उघडी आहे. उजवीसमोर दोन बाया उभ्या आहेत, एकीच्या हातात नवी पिशवी.

गजू येतोय. हातात झेरॉक्स, आणि दुसऱ्या हातात माझ्यासाठी उसाच्या रसाचा ग्लास. अजून फाटकापाशीच आहे. कुठल्या बाजूला वळतो ते बघते.